इथं आधी काय होतं?

माझ्या टेबलावर सध्या दोन प्रवासवर्णनं शेजारी शेजारी पडली आहेत. एक पु. ल. देशपांडे यांचं ‘पूर्वरंग’, १९६३ सालचं, आग्नेय आशियाच्या प्रवासाचं. दुसरं माझ्या आईचं. ते छापलेलं नाही आणि छापलं जाणारही नाही. शंभर पानी वही, कव्हरवर खताच्या कंपनीची जाहिरात, आत निळ्या पेनाने लिहिलेले अकरा दिवस: थायलंड, मलेशिया, सिंगापूर. २०२३च्या जुलैत टोमॅटोला कधी नव्हे तो भाव आला, नारायणगावच्या बाजारात आमचेही क्रेट गेले, आणि त्या हिवाळ्यात आई-वडील जुन्नर आणि मंचरकडच्या काही जोडप्यांबरोबर सहलीला जाऊन आले. परत आल्यावर आईने वही माझ्यापुढे टाकली. “लोकांची पुस्तकं तपासतेस ना, ही पण तपास.”

मी प्रवासवर्णनांची परीक्षणं लिहिते. वही मी आधी हसतच वाचली. पहिल्या पानावर सहल कंपनीने दिलेला छापील कार्यक्रम डिंकाने चिकटवलेला होता, आणि पुढचं प्रत्येक पान त्या कार्यक्रमाच्या मागे इमानाने चाललं होतं. “दिवस तिसरा. कोरल बेट. पाणी स्वच्छ. नाश्त्याला पोहे, पण कांदा नाही.” “दिवस सहावा. जोड मनोरे. मान दुखली.” ज्या लेखनाची आम्ही परीक्षक मंडळी वर्षानुवर्षं टिंगल करत आलो, त्याचा हा नमुनाच होता. यादी, जेवण, खरेदी, थकवा.

ही टिंगल एका समजुतीवर उभी आहे. प्रवासी वेगळा आणि पर्यटक वेगळा. प्रवासी एकटा निघतो, वाट चुकतो, त्याला देश भेटतो. पर्यटकाला बसमधून उतरवतात, मोजतात आणि परत चढवतात. म्हणून प्रवासी लिहितो ते साहित्य, आणि पर्यटक लिहितो ती वही. केसरीसारख्या कंपन्यांनी १९८०च्या दशकापासून मराठी मध्यमवर्गाला घोळक्याने परदेश दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून ही समजूत अधिकच घट्ट झाली.

पण आपल्या परंपरेत पूर्णपणे एकटा, वाट दाखवणाऱ्याशिवाय हिंडलेला लेखक शोधायला गेलं तर हाती फारसं कुणी लागत नाही. विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. त्यांच्याही सोबत काका होते, ठिकठिकाणचे आश्रयदाते होते. पुढच्या काळातल्या लेखकांना यजमान होते, परक्या शहरातलं एखादं मराठी घर होतं, कुणाच्या ओळखीचं पत्र होतं. वाटाड्या सगळ्यांनाच होता. काहींनी त्याला मजकुरात ठेवलं, बहुतेकांनी पुस्तक छापताना हळूच बाहेर काढलं. “मी गेलो, मी पाहिलं” असं म्हणताना कुणीतरी नेलं आणि कुणीतरी दाखवलं, हे गळून जातं.

या दृष्टीने सहल कंपनीचा छापील कार्यक्रम मी पुन्हा वाचला. त्यातल्या वाक्यांना कर्ता नसतो. “सकाळी नाश्ता. त्यानंतर शहरदर्शन. रात्री भारतीय भोजन.” दर्शन कोण घडवतं, भोजन कोण रांधतं, पत्ता नाही. आईच्या वहीत मात्र कर्ता आहे. बँकॉकची गाईड बाई रोज दोन तास बसने कामाला येते, तिची मुलगी आजीकडे राहते. क्वालालंपूरला जेवण वाढणारा मुलगा नेपाळचा, चार वर्षं घरी गेलेला नाही. कार्यक्रमपत्रिकेने जी माणसं गाळली ती आईने परत लिहून काढली. तिला हे काही विशेष वाटत नाही. मजूर लावताना कोण कुठला, घरी कोण, हे विचारायची तिला सवयच आहे.

आता ‘पूर्वरंग’. त्याची थोरवी मी नव्याने सांगायला नको. पु. लं.ची नजर इमारतींपेक्षा माणसांवर, नाचगाण्यावर जाते, आणि बालीबद्दल लिहिताना तर तो आनंद वाचणाऱ्याच्याही अंगात येतो. पण या वेळी मला त्या आनंदाची जात थोडी निराळी दिसली. तो बराचसा ओळख पटल्याचा आनंद आहे. परक्या देशात आपलं रामायण भेटलं, आपले देव भेटले, आपली मुद्रा भेटली. यात पु. लं.चा एकट्याचा दोष नाही. १९२६मध्ये कलकत्त्यात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ निघाली, १९२७मध्ये रवींद्रनाथ मलाया, जावा, बाली, सयाम हिंडून आले, आणि पूर्वेकडे बघताना हरवलेला आपलाच भाग शोधायचा ही रीत त्या पिढीच्या शिकलेल्या भारतीयाला पाठ झाली. गुलामीत वाढलेल्या माणसांना तिची गरजही होती. अंकोरवाट बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी उभारलं, हे वाचून छाती फुगायचीच. मात्र त्या फुगलेल्या छातीआड ते दगड वाहणारा ख्मेर माणूस दिसेनासा होतो. आज सहलीच्या माहितीपत्रकात बँकॉकच्या वाट फ्रा केओची ओळख “भिंतीवर रामायणाची चित्रं” एवढीच असते. थायलंडचं ‘रामकियन’ ही त्यांची स्वतःची कथा आहे, त्यातला हनुमान ब्रह्मचारीदेखील नाही, हे सांगायला तिथे जागा नसते. पु. लं.च्या हातात जी गोष्ट रसाळ होती, ती माहितीपत्रकात वाळून गेली आहे, पण बी तेच आहे.

आईही हेच करते, हे कबूल केलं पाहिजे. क्वालालंपूरजवळच्या बटू लेण्यांपुढे मुरुगनचा सोनेरी पुतळा आहे, ४२.७ मीटर उंच, आणि वर जायला २७२ पायऱ्या. आईने लिहिलंय, “लेण्याद्रीच जणू. फक्त पायऱ्या रंगीत, आणि माकडं जास्त आगाऊ.” तुलना आलीच. पण पुढची ओळ अशी: “एवढे तमिळ लोक इथं कसे, गाईडला विचारलं. रबरासाठी आणले म्हणाला.”

त्या एका ओळीमागे केवढं काय आहे, ते मी नंतर शोधलं. रबराचं झाड मूळ ब्राझीलचं. लंडनच्या क्यू बागेमार्गे त्याची रोपं १८७७मध्ये सिंगापूरला पोचली. तिथल्या बागेचा प्रमुख हेन्री रिडली याने झाड न मारता चीक काढायची पद्धत बसवली, मळेवाल्यांच्या मागे लागून लागवड वाढवली, आणि मळ्यांवर राबायला दक्षिण भारतातून तमिळ मजूर नेले गेले. बटूच्या देवळाला आजची गर्दी आहे ती त्यांच्या वंशजांची. “तिथेही आपलीच संस्कृती” असं म्हणून टाकलं की ही मजुरी झाकली जाते. आणि आई जिच्याशी तुलना करते ती लेण्याद्री तरी निव्वळ ‘आपली’ कुठे आहे? गिरिजात्मज बसलाय तो बौद्ध भिक्षूंच्या विहारात. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये यवनही आहेत. इरिल नावाच्या एकाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दिल्याचा लेख आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून नाणेघाट चढून माल वर येत होता तेव्हा आमचं गाव कुणाच्या तरी लेखी दूरचा उष्ण देश होता. इरिलाचं प्रवासवर्णन जेमतेम एका ओळीचं आहे. त्यात त्याचं नाव आहे, आणि मागे काय ठेवलं ते आहे.

वहीत हसू येतं अशाही जागा आहेत. सिंगापूरच्या नाइट सफारीबद्दल आई लिहिते, “रात्री बिबट्या बघायला तिकीट काढलं. यांना सांगितलं, हे पैसे उगाच गेले.” जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर मिळून आमचा जुन्नर वनविभाग होतो, आणि या चारही तालुक्यांत संध्याकाळी उसाच्या कडेने चालताना माणसं बॅटरी लावतात आणि मोठ्याने बोलतात. खालच्या ओळीत तिने लिहिलंय, “इथं लेकरं बिबट्या बघून टाळ्या वाजवतात.” एवढंच. एखाद्या लेखकाने यावर दोन पानं केली असती. मी असते तर नक्की केली असती.

पण ही वही मी हसणं थांबवून पुन्हा पहिल्यापासून वाचली ती सातव्या दिवसामुळे. तो जसाच्या तसा देते.

“पुत्रजया. सरकारी गाव. गुलाबी मशीद. तळं फार मोठं. गाईडला विचारलं, तळं आधीपासून आहे का. म्हणाला नाही, केलेलं आहे. मग इथं आधी काय होतं? म्हणाला, मळा. मळ्यावरची माणसं? म्हणाला, हलवली. कुठं ते विचारायचं होतं, पण बस सुटत होती.”

आईचं माहेर आंबेगाव. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव आज घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कचेरी घोडेगावला, मोठा बाजार मंचरला, आणि नावाचं गाव पाण्यात. ती लग्न होऊन इकडे आली तेव्हा ते होतं. नंतर नव्हतं. पुत्रजयाच्या तळ्याकाठी त्या दिवशी किती बस उभ्या असतील कोण जाणे, सगळ्यांनी मशिदीसमोर फोटो काढले असतील. मोठ्या पाण्याकडे बघून “आधी काय होतं” हा प्रश्न सुचायला ज्याचं काही पाण्याखाली गेलंय असं माणूस लागलं.

मला या वहीतून परीक्षणाची एक कसोटी मिळाली. लेखक एकटा गेला की घोळक्याने, वाट चुकला की वेळेवर बसमध्ये चढला, हे विचारण्यात अर्थ नाही. समोर जे दाखवलं जातंय त्याच्या आधी इथं काय होतं आणि ती माणसं कुठे गेली, हे त्याने विचारलं का? या कसोटीला ‘पूर्वरंग’सारखं मोठं पुस्तक काही ठिकाणी कमी पडतं, आणि खताच्या कंपनीची वही एका पानापुरती का होईना, उतरते. एका पानापुरतीच. उरलेल्या वहीत साबणाच्या किमती आहेत, मैत्रिणीशी झालेली धुसफूस आहे, आणि पटायाच्या संध्याकाळबद्दल “बायकांना वाईट वाटलं” एवढ्यावर ती गप्प बसते. आईची वही म्हणून मी हे झाकणार नाही. तो प्रश्नसुद्धा तिने अर्धाच विचारला. पण तो निदान बस सुटल्यामुळे अर्धा राहिला. आम्हा लिहिणाऱ्यांची बस सुटत नसते.

२०१८मध्ये सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. आता छापील कार्यक्रम आमच्यावरही निघतात. “दिवस पहिला: शिवनेरी, लेण्याद्री, ओझर.” उद्या त्यात डिंभ्याचा जलाशयही येईल, पुढे कंसात ‘फोटो स्टॉप’. तिथे उतरणाऱ्या एखाद्या बाईने गाईडला आईचा प्रश्न विचारावा, आणि गाईडला उत्तर ठाऊक असावं, असं मला वाटतं.

हा लेख मी आईला वाचून दाखवला. पु. लं.बद्दलचा भाग तिला पटला नाही. “त्यांना कशाला मध्ये ओढतेस?” म्हणाली. मग विचारलं, “ती मळ्यावरची माणसं कुठं गेली, सापडलं का तुला?”

सापडलं होतं. तो पेरांग बेसारचा मळा. १९२१मध्ये पहिल्या महायुद्धातून परतलेल्या इंग्रज सैनिकांनी काढलेला, म्हणून नावही ‘महायुद्ध’. आधी रबर, मग तेलाचे माड. १९९९मध्ये सरकारी कचेऱ्या तिथे आल्या. मजूर कुटुंबं त्याआधीच हलवली होती, जवळच्या डेंगकिलला.

“जमीन दिली?”

“नाही. फ्लॅट दिले.”

आईने वही मागून घेतली, सातवा दिवस काढला आणि उरलेल्या जागेत लिहिलं: “डेंगकिल. फ्लॅट.”