‘वुल्फ क्रीक’ आणि प्रेक्षकांचा कौल

ग्रेग मॅक्लीन यांचा ‘वुल्फ क्रीक’ हा ऑस्ट्रेलियन चित्रपट २००५ च्या नाताळात अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा सिनेमास्कोरच्या पाहणीत प्रेक्षकांनी त्यास ‘एफ’ ही नीचतम श्रेणी दिली. सुमारे १४ लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरांत सिद्ध झालेल्या या कृतीचा निकाल तेवढ्याने लागला, असे मानणे उतावीळपणाचे होय. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्याची अपेक्षा पुरी झाली की नाही, एवढेच अशी पाहणी मोजते. संथ म्हणून हिणवला गेलेला पूर्वार्ध, म्हणजे तीन तरुण प्रवासी, एक जुनी मोटार आणि ओसाड मुलूख, हेच वस्तुतः चित्रपटाचे बळ आहे; त्या तिघांविषयी आपुलकी जडल्यावाचून पुढील भय निव्वळ शारीरिक राहिले असते. उत्तरार्धाविषयीची तक्रार मात्र झटकून टाकता येत नाही. तेथे भयानकाची जागा बीभत्स घेतो, आणि जॉन जॅरट यांचा हसतमुख मिक टेलर कितीही अस्सल वठला तरी तो पालट लपत नाही.

सर्वांत रास्त आक्षेप ‘सत्य घटनांवर आधारित’ या बिरुदावरचा. कथा कल्पित आहे. आयव्हन मिलाटने केलेले खून आणि २००१ मधील पीटर फाल्कोनिओ प्रकरण यांचे धागे तीत गुंफले आहेत, इतकेच. फाल्कोनिओ खटला चालू असल्यामुळे नॉर्दर्न टेरिटरीत चित्रपटाचे प्रदर्शन लांबणीवर टाकावे लागले होते.