कायरोप्रॅक्टिक शिक्षणाची मानके : तासांचा हिशेब आणि पुराव्याची कसोटी

हातांनी मणक्यांवर उपचार करणारी कायरोप्रॅक्टिक ही पद्धती डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट येथे सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या पद्धतीचे मूलभूत प्रशिक्षण व सुरक्षितता यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पूर्णवेळ चार वर्षांत किमान ४२०० तासांचे शिक्षण व त्यात किमान १००० तासांचा देखरेखीखालील रुग्णसेवेचा अनुभव, ही त्यांतील प्रमुख अपेक्षा होय. मणक्यांवरील उपचार केव्हा टाळावेत, याचेही विवेचन त्यांत आहे. अपुऱ्या प्रशिक्षणास आळा घालण्याच्या दृष्टीने हा दस्तऐवज निश्चितच महत्त्वाचा आहे.

तथापि तासांच्या संख्येवरून अध्यापनाची व्याप्ती कळते. शिकविलेल्या सिद्धांताची सत्यता ठरत नाही. मणक्यांतील 'सबलक्सेशन' हे बहुतेक रोगांचे मूळ आहे, अशी पामर यांची धारणा होती. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल ही नियामक संस्था अस्तित्वात आली. सबलक्सेशन हे रोगाचे कारण आहे, या दाव्यास चिकित्सालयीन संशोधनाचा आधार नाही, हे तिने २०१० मध्ये स्पष्ट केले. नोंदणी व नियमन आधी आले. मूळ सिद्धांताविषयीचा हा खुलासा मात्र दीड दशकानंतर झाला.

कंबरदुखीत या उपचाराचा काही प्रमाणात लाभ होतो, असे संशोधन सांगते. परंतु एका विकारातील मर्यादित लाभाने सर्व रोगांविषयीचा सिद्धांत सिद्ध होत नाही. म्हणून पदवीधराने रुग्णापुढे कोणता दावा करू नये, याचे शिक्षण हाही व्यावसायिक मानकांचा अनिवार्य निकष मानला पाहिजे.