घराची वाट सांगणारे वर्ष

'निवासी कलावंत' ही कल्पना आता आपल्याकडच्या कलाजगतालाही परिचयाची झाली आहे. एखादी संस्था कलावंताला काही महिने जागा आणि थोडे मानधन देते. मुदत संपताना त्याने नवे काम दाखवावे, एवढीच अपेक्षा असते. कलावंत स्थलांतरित असला की मात्र या व्यवहारात आणखी एक अट हळूच शिरते. 'तुझी व्यथा सांग' ही ती अट. करारपत्रात ती कुठेच लिहिलेली नसते. पण पाहुण्याला ती पहिल्याच दिवशी कळते. मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्कामाला आलेल्या हाजीला त्याची कहाणी कोणी विचारत नाही. कलेच्या मुसाफिरखान्यात बहुधा तीच भाडे म्हणून मागितली जाते.

म्हणूनच अशा उपक्रमांची पारख त्यांच्या हेतूवरून करू नये, त्यांतून आलेल्या कामावरून करावी. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एशियन/पॅसिफिक/अमेरिकन इन्स्टिट्यूटने 2017-18 या शैक्षणिक वर्षासाठी झरीना हाश्मी यांना निवासी कलावंत म्हणून बोलावले. त्या वर्षाचा इथे विचार करायचा आहे. एरवी अशा निवासाला तरुण कलावंत दूर देशाहून येतो. झरीना त्या वेळी ऐंशी वर्षांच्या होत्या आणि सुमारे चार दशके त्याच शहरात राहत होत्या. तरीही त्यांची ओळख 'स्थलांतरित' हीच होती. माणूस एखाद्या गावात किती वर्षे राहिला म्हणजे तो तिथला होतो? हा प्रश्न आपल्यालाही अनोळखी नाही.

झरीना यांचा जन्म 1937 सालचा, अलीगढचा. वडील मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. झरीना यांनी पदवी घेतली ती गणितात. फाळणीच्या वेळी त्या दहा वर्षांच्या होत्या; आईवडील पाकिस्तानात गेले ते 1959 साली. तोवर झरीना यांचे लग्न झाले होते. पती राजनैतिक सेवेत असल्याने बँकॉक, पॅरिस अशी गावे बदलत राहिली. पॅरिसमध्ये स्टॅन्ली हेटर यांच्या कार्यशाळेत त्या छापचित्रण शिकल्या, पुढे जपानमध्ये लाकडी ठशांचे तंत्र आत्मसात केले. म्हणजे ज्या कागदावर आणि ठशांवर त्यांनी आयुष्यभर काम केले, ते कसब त्यांनी परमुलखातच मिळवले.

त्यांच्या चित्रांत माणूस जवळजवळ नसतोच. असतात त्या रेषा. 'डिव्हायडिंग लाइन' (2001) या चित्रात हिंदुस्थान-पाकिस्तानची सरहद्द एवढीच एक वेडीवाकडी काळी रेघ आहे. ती उमटवण्यासाठी त्यांनी रेघेभोवतीचे सगळे लाकूड कोरून काढले. ही कृती नीट समजून घेतली पाहिजे. रेघ राखायची, तर तिच्या दोन्ही बाजूंचा मुलूख खरवडून टाकावा लागतो. फाळणीवर आपण बरेच काही वाचले आहे, पण तिचा हिशेब इतक्या थोडक्यात मांडलेला क्वचितच दिसतो. इथे आक्रोश नाही, रक्त नाही. गणित शिकलेल्या बाईने मांडलेली बाकी आहे.

'होम इज अ फॉरिन प्लेस' (1999) ही 36 काष्ठठशांची मालिका त्यांची सर्वांत गाजलेली कृती. प्रत्येक चित्रासाठी एक उर्दू शब्द: घर, उंबरठा, अंगण, अंतर, सरहद्द, भाषा या अर्थांचे. शब्दांची यादी त्यांनी पाकिस्तानातल्या एका कातिबाकडे पाठवली आणि नस्तालीक अक्षरांत ते शब्द लिहवून घेतले. 'लेटर्स फ्रॉम होम' (2004) मध्ये त्यांची थोरली बहीण रानी हिची पत्रे आहेत. घरातली मौत, घर विकणे अशा बातम्या रानीने लिहिल्या, पण टपालात टाकल्या नाहीत. पुढे कधीतरी बहिणीच्या हाती दिल्या. त्या उर्दू मजकुरावर झरीना यांनी घरांचे आराखडे आणि नकाशे छापले.

आता 2017 कडे येऊ. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी सात मुस्लिमबहुल देशांतील नागरिकांना प्रवेशबंदी करणारा हुकूम काढला होता. अशा वेळी एका मुस्लिम स्थलांतरित स्त्रीला विद्यापीठाने सन्मानाने बोलावणे ही चांगलीच गोष्ट. पण सन्मानातही एक धोका असतो. कलावंताचे काम बाजूला पडते आणि तो आपल्या समाजाचा नमुना बनतो. झरीना यांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी टळले, याचे श्रेय त्यांच्या स्वभावाला जितके, तितकेच उपक्रमाच्या रचनेला. 'डार्क रोड्स' या नावाने त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले आणि पुढच्या वर्षी संस्थेने 'डायरेक्शन्स टू माय हाउस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. सारा बर्नी यांच्या सोबतीने झरीना यांनी ते सिद्ध केले. ऐंशीव्या वर्षी त्यांना नव्या स्टुडिओपेक्षा ऐकणाऱ्या माणसाची गरज होती, आणि या वर्षाने ते माणूस त्यांना दिले. चित्रांत जे घर नुसत्या आराखड्यासारखे उमटत आले होते, त्याची वाट इथे शब्दांत सांगितली गेली.

या कौतुकाला दोन आक्षेप जोडणे मला आवश्यक वाटते. पहिला उशिराचा. 1980 साली न्यूयॉर्कच्या ए.आय.आर. गॅलरीत ॲना मेंडिएटा, काझुको मियामोतो आणि झरीना यांनी मिळून अमेरिकेतील तिसऱ्या जगातल्या स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन मांडले होते. एक क्यूबाची, एक जपानची, एक अलीगढची. कोणी जागा देईल याची वाट न पाहता त्यांनी ती आपली आपण केली. संस्थेचे दार उघडले ते सदतीस वर्षांनी. दुसरा आक्षेप नावाचा. 'काळोखे रस्ते' हे शीर्षक झरीना यांच्या सगळ्या कामाला विस्थापनाच्या छत्रीखाली आणते. त्यांच्या कामातला विनोद, गणिती नेमकेपणा, कागदावरचे प्रेम हे त्या छत्रीबाहेर राहण्याची भीती असते. अर्थात, रोहिंग्यांच्या समुद्रावरील फरफटीवर 2015 सालीच चित्र करणाऱ्या या कलावंतिणीला निर्वासितांचा विषय कोणी बाहेरून सुचवला नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

25 एप्रिल 2020 रोजी लंडनमध्ये झरीना यांचा इंतकाल झाला. अखेरच्या काळात त्यांना अल्झायमरचा आजार होता. स्मृतीवरच जिचे सारे काम उभे, तिची स्मृतीच गेली. हे कळल्यावर त्या एका वर्षाचे मोल वेगळेच भासू लागते. उशीर झाला होता हे खरे. पण आणखी दोन-तीन वर्षे गेली असती तर घराची वाट सांगायला कोणी उरले नसते.

एक गोष्ट आपल्यापुरती. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला वाचता येणार नाही हे ठाऊक असूनही झरीना यांनी चित्रांतले शब्द उर्दूच ठेवले, कारण ती त्यांच्या घराची भाषा होती. आपल्याला मात्र 'तुमची भाषा उर्दू ना?' असे विचारणारे इथेच भेटतात, आणि आपल्या घराची भाषा मराठी आहे हे प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागते. कोकणातल्या आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. कुवेत-बहारीनहून आलेली पत्रे तीत आहेत, आणि इथून लिहिलेली पण कधीच न टाकलेलीही काही. ती पत्रे कोणी लिहिली, कोणासाठी राखून ठेवली, हे सांगणारी दोनच माणसे आता घरात उरली आहेत. त्यांच्याजवळ बसायला कोणत्याही संस्थेचे निमंत्रण लागत नाही.