'लता भगवान करे' : एका धावण्याचें मोल

दूर पल्ल्याच्या धावण्याचा विषय निघाला म्हणजे आम्हां सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें प्रथम तारुण्यच उभें राहतें. १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले, याचा अभिमान आपणांस वाटतो. आणि तो योग्यच आहे. परंतु साठी उलटलेली, नऊवारी नेसलेली स्त्री अनवाणी पायांनीं धावूं लागली, तर तिच्या धावण्यास कोणतें माप लावावें? 'लता भगवान करे' या २०२० सालच्या बोलपटानें हा प्रश्न आमच्यापुढें टाकला आहे. त्याचें परीक्षण करणें म्हणजे बऱ्याच अंशीं आपल्याच रसिकतेचें परीक्षण करणें होय.

यांतील कथानक कल्पित नाहीं. करे हें बुलढाणा जिल्ह्यांतून पोटासाठीं बारामतीस आलेलें मजूर कुटुंब. पति आजारी पडला, आणि तपासणीस लागणारा पैसा घरांत नव्हता. तेव्हां २०१३-१४ च्या सुमारास तेथील मॅरेथॉनमध्यें ज्येष्ठांच्या गटांत लताबाई धावल्या, व पहिल्या आल्या. बक्षीस पांच हजार रुपयांचें. शर्यत अवघी तीन किलोमीटरांची. खऱ्या मॅरेथॉनचें अंतर बेचाळीस किलोमीटरांहून अधिक असतें, हें ध्यानांत घेतां ही धाव लांबची नव्हे, असें कोणी म्हणेल. पण जन्मभर मोलमजुरी केलेल्या देहानें म्हातारपणीं, सरावावांचून, ती पुरी केली, हें विसरून नुसतें अंतर मोजण्यांत अर्थ नाहीं.

बोलपटाचे दिग्दर्शक नवीन देशबोईना हे तेलुगुभाषी. आमच्या दारची गोष्ट परभाषी माणसास दिसावी, याची नोंद आम्हीं मराठी लोकांनीं करून ठेवावी. त्यांनीं लताबाई व त्यांचे पति भगवान यांजकडूनच त्यांच्या भूमिका करविल्या. अशा नवख्या माणसांत कसलेल्या नटांची सफाई शोधूं नये. येथें महत्त्वाचें आहे तें निराळेंच. वय आणखी वाढलेलें असतांना लताबाईंना तीच शर्यत पुन्हां धावावी लागली. पहिल्या वेळीं शेवट काय होणार हें त्यांस ठाऊक नव्हतें. दुसऱ्या वेळीं सारें ठाऊक होतें. म्हणून त्यांच्या कामास आम्ही अभिनय न म्हणतां स्मरण म्हणतों.

मार्च २०२१ मध्यें जाहीर झालेल्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत लताबाईंच्या भूमिकेचा विशेष उल्लेख झाला. त्याच वर्षीं ज्या पतीसाठीं त्या धावल्या, तो कोरोनाच्या सांथींत गेला. मराठी रिवाजाप्रमाणें बोलपटाच्या नांवांत पतीचें नांव मध्यें आलें आहे. २०२० सालीं प्रेक्षकांनीं तें सहज वाचलें असेल. आज तेथें दृष्टि थबकते. ज्यास वांचविण्यासाठीं ती धाव घेतली, तो माणूस आतां याच पडद्यावर हिंडतांना दिसतो. कुटुंबाच्या हातीं राहिलेली ही ठेव कोणत्याही बक्षिसाहून मोठी आहे.

एक शंका मात्र मनांतून जात नाहीं. आमच्या मुरबाड तालुक्यांत फांगणे गांवीं २०१६ च्या महिलादिनीं 'आजीबाईंची शाळा' निघाली. गुलाबी लुगडीं नेसलेल्या वृद्ध स्त्रिया पाटी घेऊन बसल्या, आणि दूरदूरच्या वृत्तपत्रांनीं त्यांचीं चित्रें छापलीं. तें कौतुक रास्त होतें. कारण अक्षरओळखीची राहून गेलेली हौस तेथें पुरी होत होती. बारामतीच्या धावण्याच्या मुळाशीं हौस नव्हती, नड होती. दोन्हीं ठिकाणीं आपण सारखींच टाळी वाजवितों, आणि त्या टाळींत बारामतीचा खरा प्रश्न बुडून जातो. लताबाईंच्या उघड्या पायांस स्फूर्तिदायक म्हणून मोकळें होणें सोपें आहे; नवऱ्याच्या तपासणीसाठीं म्हातारीला शर्यत कां जिंकावी लागावी, हें विचारणें अवघड आहे.

हा बोलपट निर्दोष नाहीं. तरी घरांतील वडील मंडळींसह तो पाहावा, अशी आमची शिफारस आहे. तो संपल्यावर मुलांनीं लताबाईंच्या वेगाविषयीं न बोलतां त्या कां धावल्या याविषयीं विचारलें, तर त्याचें काम झालें असें आम्ही समजूं.