गुलाब, झेंडू आणि गुलकंद

औरंगाबादेच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत एका स्नेह्यांच्या घरी नुकतेच ‘केशवकुमारां’च्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाचे वाचन झाले. अठराव्या शतकात सिराज औरंगाबादीसारखा प्रेमवेडाचा शायर ज्या नगरीत गाऊन गेला, तेथे प्रेमवीरांची ही थट्टा कितपत रुचेल, अशी आम्हांस शंका होती. ‘प्रेमाचा गुलकंद’ वाचून होताच ती फिटली. नित्यनेमाने गुलाब आणून देणारा प्रियकर अखेर थकून जाब विचारतो, आणि प्रेयसी त्याच्यापुढे गुलकंदाची बरणी ठेवते! घरातील वडीलधारी मंडळीही मनमोकळी हसली.

आचार्य अत्रे (१८९८–१९६९) हे प्रेमकवी गोविंदाग्रजांचे भक्त. तेव्हा प्रेमाची टवाळी हा त्यांचा हेतू नव्हे. प्रेमकवितेत माजलेल्या उसाशांच्या व अश्रूंच्या अवडंबरावर त्यांचा रोख आहे. मात्र एक उणीव सांगितलीच पाहिजे. मूळ कविता ठाऊक नसली, की यांतील पुष्कळ विडंबनांची गंमत निम्मीच उरते. आणि आजच्या तरुण वाचकांस ती मूळ काव्ये बहुधा अपरिचित असतात. ‘गुलकंदा’स असा आधार लागत नाही, कारण त्याचे मूळ पुस्तकात नसून मनुष्यस्वभावात आहे.

कोणी त्या मुलीस निष्ठुर म्हणतील. आम्हांस ते मान्य नाही. न बोललेले तिला कसे कळावे? मिळालेली फुले तिने फुकट जाऊ दिली नाहीत, एवढेच. मनातील गोष्ट फुलांवर सोपवून स्वस्थ बसणाऱ्या तरुणांनी ही कविता अवश्य वाचावी.