वाऱ्याला दिलेली वाट

समृद्धी महामार्गावरून शिर्डीत आलेली गाडी वाहनतळावर उभी राहिली की तिच्या रंगाआधी तिच्यावरची धूळ पाहावी. वारा तिच्या अंगावरून कसा गेला, याचा नकाशाच तिथे उमटलेला असतो. बंपरवर आणि पुढच्या काचेवर चिलटं चिकटलेली, कारण तिथे वारा समोरून आदळतो. दारांवर धुळीचा पातळ थर, कारण तिथून तो सरळ सरकून जातो. मागची काच मात्र पार माखलेली. छप्पर संपलं की वारा गाडीपासून सुटतो, मागे भोवरा होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ त्यात वर चढते. त्याच जागी दाब कमी पडतो आणि गाडी मागे खेचली जाते. काच पुसण्याआधी हे एकदा वाचून घ्यावं.

विजेच्या गाडीच्या बाबतीत या वाचनाला मोल आहे, कारण प्रत्येक भोवऱ्याची किंमत बॅटरी मोजते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली नवी नेक्सॉन ईव्ही घ्या. पुण्याहून शिर्डीला येणारे ज्या नगर रस्त्याने येतात, त्याच रस्त्यावरच्या रांजणगावात नेक्सॉन तयार होते. २०२३ मध्ये तिच्या मोठ्या बॅटरीची क्षमता ४०.५ किलोवॅट-तास होती आणि प्रमाणपत्रातला पल्ला ४६५ किलोमीटर. पुढचं तोंड जवळजवळ बंद, कारण इंजिनाच्या रेडिएटरला लागते तेवढी हवा इथे लागत नाही. मागचा वायपर स्पॉयलरच्या पोटात लपवलेला. मला मात्र सर्वात आवडतात तिची चाकं. अलॉयच्या फटींत बसवलेले सपाट तुकडे हात फिरवून पाहा. फिरणारं उघडं चाक घुसळखांबासारखं हवा घुसळत राहतं. गाडीच्या एकूण वायुविरोधातला साधारण पाव हिस्सा चाकं आणि त्यांच्या कमानींचा धरला जातो. त्या फटी बुजवल्या की घुसळण कमी होते. दिखाऊपणा अजिबात नसलेलं, कामाला चोख असं हे कारागिरीचं काम आहे.

या बारकाव्यांची खरी परीक्षा शिर्डीच्या वेशीवरच होते. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. प्रमाणपत्रातला पल्ला मात्र ज्या चाचणीतून येतो, तिच्यात वेग ताशी ९० च्या वर जात नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण विरोध सव्वादोन पट. ८० च्या वेगाला वारा आणि टायरचं घर्षण यांचा खर्च जवळपास सारखा असतो. १२० ला वारा टायरच्या दुप्पट-तिप्पट खातो. म्हणून वायुविरोध पाच टक्क्यांनी कमी झाला, तर गावातल्या फेऱ्यांत पत्ताही लागणार नाही. महामार्गावर मात्र अडीचशे किलोमीटरच्या टप्प्यात, ढोबळ हिशेबाने, सात-आठ किलोमीटर हाती येतात. पुढचा चार्जर गाठायला कधी कधी तेवढेच लागतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या कर्व्ह ईव्हीत दारांच्या मुठी पत्र्यात बुडवल्या आहेत आणि छप्पर मागे उतरतं केलं आहे. लोक कौतुक करतात मुठींचं. माझ्या मते श्रेय त्या उतरत्या छपराचं जास्त, कारण मागची पोकळी तेच लहान करतं. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने १९३०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की, निमुळतं शेपूट लांबवत न नेता मध्येच सरळ छाटलं तरी बराचसा फायदा पदरात पडतो. छाटलेल्या जागी कड मात्र धारदार हवी. गोल कडेवर वारा घुटमळतो, धारेवर एका जागी स्वच्छ सुटतो. आजच्या गाड्यांच्या मागच्या दिव्यांच्या कडेला ही बारीक धार बोटाला लागते. हाच विचार टोकाला नेणाऱ्या मर्सिडीजच्या ईक्यूएक्सएक्स या प्रायोगिक गाडीचा वायुविरोध गुणांक ०.१७ आहे. २०२२ मध्ये ती एका चार्जिंगमध्ये हजार किलोमीटरहून अधिक धावली.

इतक्या जिवापाड मेहनतीने घडवलेल्या छपरावर आपण कॅरिअर बसवतो आणि सामान उतरवल्यावरही तो तसाच ठेवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तेव्हा दर्शन घेऊन कोकमठाणजवळून पुन्हा समृद्धीला लागण्याआधी रिकामा कॅरिअर उतरवून डिकीत टाका, बॉनेटवरचा झेंडा घडी करून आत ठेवा आणि काचा वर घ्या. पुढच्या जाळीला पुठ्ठा किंवा टेप मात्र लावू नका. नगर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात बॅटरी थंड ठेवायला तिथूनच हवा जाते. आणि पल्ला फारच कमी पडत असेल, तर १२० ऐवजी ९५ ने चला. कुठल्याही स्पॉयलरपेक्षा तेच जास्त किलोमीटर वाचवेल.