पाहुण्यांनी रंगवलेल्या भिंती

नीस शहरात समुद्राच्या कडेने जो रुंद विहारमार्ग जातो, त्याचे नाव 'प्रोमनाद देझांग्ले', म्हणजे इंग्रजांचा विहारमार्ग, असे आहे. मायदेशीची थंडी टाळण्यासाठी येथे हिवाळाभर मुक्काम ठोकणाऱ्या इंग्रजांनी 1820 नंतरच्या दशकात स्वतःच्या पैशाने त्याची सुरुवात केली आणि यजमानांनी त्याला पाहुण्यांचे नाव दिले. नीस तेव्हा फ्रान्सचे नव्हते; ते 1860 मध्ये फ्रान्सला जोडले गेले. पुढे साऱ्या किनाऱ्याचे बारसेही पाहुण्यानेच केले. स्तेफां लिएजार हा दिजोंचा रहिवासी. शिक्षणाने आमच्याच व्यवसायातला, आणि कविता करण्याची खोडही आमच्याचसारखी. त्याने 1887 मध्ये 'ला कोत दाझ्यूर', म्हणजे 'निळा किनारा', हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ आज फारसा कोणी उघडत नाही. त्याचे नाव मात्र साऱ्या किनाऱ्याला कायमचे चिकटले.

असा हा पाहुण्यांनी रस्ता दिलेला, नाव दिलेला आणि पुढे पाहुण्यांनीच रंगवलेला मुलूख आहे. मातीस 1917 मध्ये नीसला आला. त्याच्या दहा वर्षे आधी रन्वार कान्य येथे स्थायिक झाला होता आणि जुनी जैतुनाची झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून ती सारी बाग त्याने विकत घेतली होती. पिकासो, कोक्तो, ल कॉर्ब्यूझिए हेही आले. या मंडळींनी जे करून ठेवले ते पाहण्यासाठी लोक गावोगाव हिंडतात आणि 'किती सुंदर' असे म्हणून परततात. मीही हिंडलो. परंतु भिंत कितीही सुंदर रंगलेली असो, ती कोणाच्या तरी मालकीची असते, ही गोष्ट वकिलाच्या मनातून जात नाही. तेव्हा पाहुण्याच्या कलेला सौंदर्याच्या जोडीने पाहुण्याच्या धर्माचीही कसोटी लावावी, असे मला वाटते. यजमानाच्या घरात तो काय ठेवून गेला आणि काय घेऊन गेला?

प्रथम व्हांस. डोंगराच्या कुशीतल्या या गावी डॉमिनिकन जोगिणींची एक लहानशी कपेल आहे. मातीसवर 1941 मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ज्या तरुण परिचारिकेने त्याची शुश्रूषा केली, तिने पुढे जोगिणीची दीक्षा घेतली. तिच्या संघाला कपेल हवी होती. श्रद्धेचा विशेष बडेजाव नसलेल्या या वृद्ध चित्रकाराने आयुष्याची जवळजवळ चार वर्षे त्या कामी वेचली आणि 1951 मध्ये कपेल पुरी झाली. पांढऱ्या फरश्यांवर काळ्या रेषा आणि खिडक्यांच्या काचांत निळा, हिरवा व पिवळा एवढे तीनच रंग. संत डॉमिनिकच्या आकृतीला चेहऱ्याचे अवयवही नाहीत. परंतु उन्हाची तिरीप काचांतून आत येते आणि त्या कोऱ्या भिंतीवर रंग हलू लागतात. कलावंताने येथे भिंत भरून टाकली नाही. प्रकाशाला जागा करून दिली. शुश्रूषेचे ऋण याहून सुरेख रीतीने फिटलेले माझ्या पाहण्यात नाही.

दुसरे गाव व्हिलफ्रांश. बंदराला लागूनच संत पीटरची जुनी कपेल आहे. तिचा उपयोग कोळी लोक जाळी ठेवण्यासाठी करीत. कोक्तो या गावी 1920 नंतरच्या दशकापासून येऊन राहत असे. त्याने 1957 मध्ये ही कपेल आतून-बाहेरून रंगवली. पाण्यावरून चालणारा पीटर, मासे आणि गावातल्या मुली एका ओघवत्या रेषेत तेथे वावरतात. मातीसच्या शेजारी ही चित्रे ठेवली तर ती निश्चितच कमी प्रतीची ठरतील. रेषा पुष्कळदा नुसत्या लकबीवर निभावते आणि पीटरपेक्षा कोक्तोच अधिक दिसतो. हा दोष मी लपवीत नाही. परंतु कपेल कोळ्यांचीच राहिली. या किनाऱ्यावर मच्छीमारांनी आपल्यातूनच निवडलेल्या पंचांची 'प्रूदोमी' नावाची जुनी संस्था आहे. जाळ्यांचे आणि जागांचे तंटे ती मिटवीत आली. 29 जूनला, संत पीटरच्या दिवशी, येथे प्रार्थना होते. प्रवाशाला दाराशी तिकीट घ्यावे लागते. कोळ्याच्या घरात शिरताना पाहुण्याने काही द्यावे, यात मला गैर दिसत नाही.

तिसरा मुक्काम रोकब्र्यून-काप-मार्तां, आणि येथे खटला अवघड होतो. आयलीन ग्रे या आयरिश कलावतीने 1926 ते 1929 या काळात समुद्राकाठच्या खडकावर एक पांढरे घर बांधले. त्याचे नाव 'ई-1027'. तिची आणि तिचा सहकारी झां बादोविची याची आद्याक्षरे त्यात गुंफलेली आहेत. पुढे ती तेथून निघून गेली. कागदोपत्री घर बादोविचीचे होते. त्याचा पाहुणा ल कॉर्ब्यूझिए याने 1938-39 मध्ये त्या पांढऱ्या भिंतींवर मोठमोठी चित्रे रंगवली. जिने ते घर कल्पिले, तिला कोणी विचारले नाही. तिच्या मते ती विटंबना होती.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. मालकाची संमती होती, तेव्हा मालकीहक्काचा भंग नाही. शिवाय या चित्रांच्या कीर्तीमुळेच पडीक झालेले घर वाचले, असेही काही जण म्हणतात. पहिला मुद्दा कायद्याने बिनतोड आहे आणि म्हणूनच तो अपुरा आहे. भिंतीचा कोरेपणा ही ग्रेची कृती होती. प्रकाश, सावली आणि समुद्र यांसाठी तिने ती मोकळी सोडली होती. व्हांसमध्ये मातीसने जे मुद्दाम साधले, तेच येथे आधीपासून होते आणि ते पुसले गेले. दुसऱ्या मुद्द्याला उत्तर एवढेच की, चोरीचा माल जपून ठेवला म्हणून चोरी दान होत नाही.

नवल असे की, याच माणसाने शेजारी स्वतःसाठी 1952 मध्ये 3.66 मीटर लांब आणि तितकीच रुंद अशी एकच लाकडी खोली बांधली. तिच्यात अहंकाराला पाय पसरण्यापुरतीही जागा नाही. 27 ऑगस्ट 1965 रोजी याच समुद्रात पोहताना त्याला मृत्यू आला. ती खोली आणि आपल्या चंडीगढचा राजधानी-संकुल 2016 मध्ये एकाच नोंदीने जागतिक वारशाच्या यादीत गेले. खोलीचा मी चाहता आहे, भिंतींचा नाही. एकाच हाताचे दोन निकाल वेगळे लागू शकतात.

या घरांजवळून किनाऱ्याची पायवाट जाते. फ्रान्सने 1976 मध्ये कायदा करून समुद्रालगतच्या खाजगी जमिनीतून पायी जाणाऱ्यासाठी तीन मीटर रुंदीची वाट राखली, आणि 1986 च्या कायद्याने वस्तीबाहेर किनाऱ्यापासून शंभर मीटरांत बांधकामास सामान्यतः बंदी केली. समुद्र आणि त्याचा काठ सर्वांचा, हे रोमन कायद्याने फार पूर्वीच सांगितले होते. जस्टिनियनच्या संहितेत ते स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याकडेही 1991 पासून किनारा-नियमनाची अधिसूचना आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरही पाहुणे येतात, घरे घेतात, भिंती रंगवतात, वाड्यांना नवी नावे देतात. त्या साऱ्यांना एकाच मापाने मोजू नये. कान्यला झाडे राखणारा पाहुणा आणि रोकब्र्यूनला भिंत घेणारा पाहुणा, दोघेही थोर कलावंतच होते.

कायदा यजमानाला तीन मीटरांची वाट देऊ शकतो. भिंत रंगवण्याआधी विचारावे, एवढे साधे शहाणपण तो कोणाला देऊ शकत नाही. ते मागण्याचे काम टीकाकाराचे आहे, आणि चित्र सुंदर आहे म्हणून त्याने ते टाळू नये.